वईवरची कळलावी

श्रावण सरत आला की गोव्यात रानाच्या कडेकडेने कळलावी फुलू लागते आणि भाद्रपद-आश्विन असे दोन महिने ती फुलतच राहते. पावसाचा जोर ओसरलेला असतो, भात पोटरीला आलेले असते, दुपारचे ऊन पुन्हा अंगाला जाणवू लागलेले असते आणि अशा दिवसांत सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या जुन्या पायवाटेने निघाले, तर करवंदीच्या जाळीवर, कुड्याच्या फांदीवर, कधी नुसत्या रानमोडीच्या झुडपावर ही पिवळी-लाल फुले खाली मान घालून, पण पाकळ्या वर उलटवून लटकलेली दिसतात. अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी अशी तिची आणखीही नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात तिला ग्लोरिओसा सुपर्बा म्हणतात आणि हे नाव लिनियसने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. याच सुमारास तेरडाही फुलतो, सड्यांवर सीतेची आसवे निळी पसरतात, परंतु ती सारी फुले घोळक्याने शोभतात. कळलावीचे एकटे फूल वाटेवरच्या माणसाला थांबवते.

तिला रानफूल म्हणतात ते खरेच आहे. मात्र ती गच्च रानाच्या पोटातली नव्हे. किंदळ आणि माट्टीच्या दाट सावलीत आत शिरत गेलो की ती दिसेनाशी होते. रान संपून शेत सुरू होते तो पट्टा, कुळागराची, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेची, मेर, गडग्याच्या फटी, देवराईचा बाहेरचा घेर, व्हाळाकाठची झुडपे ही तिची जागा. तिच्या मुळाशी सावली आणि पालापाचोळा लागतो, तर शेंड्याला उघडे ऊन लागते. शिवाय मधल्या उंचीवर हाताला धरायला बारीक काटक्यांची दाटी असावी लागते. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या फक्त काठावर. म्हणूनच आपल्याकडच्या वया, म्हणजे मोगली एरंड, निगड, करवंद, दिंडा आणि आपोआप उगवलेली इतर झुडपे मिळून झालेली जिवंत कुंपणे, तिला इतकी मानवली. माणसाने वई घातली ती गुरे अडवण्यासाठी. कळलावीला त्यात आयता रानाचा काठ मिळाला. आमच्या घरामागच्या वईवर ती माझ्या सासूबाईंच्याही आधीपासून आहे आणि तिच्याविषयी मी जे लिहिते आहे त्यातले बरेचसे त्या वईशी उभे राहून पाहिलेले आहे.

मृगाचा पाऊस मुरला की जमिनीतून तिचा कोंब वर येतो. तो सुरुवातीला सरळ आणि एकटाच वाढतो. त्याला फांद्या नसतात आणि खालच्या पानांना टोकाचा तणावाही नसतो. गवताच्या आणि पाचोळ्याच्या वर डोके निघाल्यावर पानांचे रूप बदलते. पान देठाशिवाय थेट खोडाला चिकटलेले, भाल्यासारखे लांबट असते आणि त्याचे टोक निमुळते होत होत शेवटी बारीक तणाव्यात संपते. काकडीला किंवा दोडक्याला तणावे वेगळे फुटतात, तसे इथे नाही. इथे पानाचे टोकच पकड घेण्याचे काम करते. हा तणावा एखाद्या काटकीला टेकला की त्या बाजूने तो वळू लागतो आणि एक-दोन दिवसांत काटकीभोवती त्याचे घट्ट वेढे बसतात. मग तेच पान अन्नही तयार करते आणि वेलीचा भारही पेलते. आधार मिळाला नाही, तर तणावा हवेतच गोल वळून राहतो आणि वेल काही काळ तशीच डुलत उभी राहून अखेर शेजारच्या गवतावर कलंडते.

या रचनेत एक मर्यादा आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. तणावा आखूड असतो, त्यामुळे तो बारीक वस्तूच धरू शकतो. जाड बुंध्याला त्याचा वेढा पुरत नाही आणि सपाट भिंतीला तर त्याला धरण्यासारखे काहीच सापडत नाही. मिरवेल सुपारीच्या खोडावर मुळ्या रोवून सरळ चढते, तसे कळलावीला जमत नाही. तिला पायरीपायरीने काटक्या हव्यात. त्या मिळाल्या तर ती पुरुषभर उंच सहज जाते आणि दाट जाळीत त्याच्या दुपटीनेही चढते. वर उजेडात पोचल्यावरच खोडाला फांद्या फुटतात आणि पानांच्या बेचक्यात लांब दांड्यांवर एकेक कळी धरते.

कळीपासून पुढचा क्रम जवळून पाहण्यासारखा असतो. कळी हिरवी असते आणि खाली लोंबते. ती उमलताना सहाही पाकळ्या आधी खालच्या दिशेने सुटतात, मग हळूहळू मागे वळतात आणि अखेर पूर्ण उलटून आकाशाकडे उभ्या राहतात. त्यांच्या कडा नागमोडी मुरडलेल्या असतात. पहिल्या दिवशी पाकळी बुडाशी पिवळी आणि टोकाला हिरवट असते. पुढे हिरवा रंग जातो, पिवळा गडद होतो, टोकाकडून तांबूस छटा खाली उतरू लागते आणि आठवडाभरात पाकळी जवळजवळ सगळीच लाल होते. त्यामुळे एकाच वेलीवर एकाच वेळी हिरवट, पिवळी, केशरी आणि लाल अशी सगळी फुले असतात. पाहुण्यांना ती निरनिराळ्या जातींची वाटतात, पण त्यांच्यात फरक असतो तो फक्त वयाचा.

पाकळ्या वर गेल्यामुळे फुलाचे आतले अवयव मोकळे पडतात. सहा लांब पुंकेसर चहूबाजूंना आडवे पसरतात आणि प्रत्येकाच्या टोकाला परागकोश मधोमध टेकलेला, जराशा धक्क्यानेही हलणारा असतो. स्त्रीकेसराची नळी मात्र बुडापाशीच जवळपास काटकोनात वाकून एका बाजूला निघून जाते, जणू पुंकेसरांच्या त्या चक्रात तिला बसायचेच नाही. मध पाकळीच्या बुडाशी असतो. तो प्यायला येणारे मोठे फुलपाखरू फुलाभोवती फडफडत फिरते आणि पराग त्याच्या पंखांना लागतात. पुढच्या फुलावर गेल्यावर तेच पंख त्या बाजूला निघालेल्या कुक्षीला घासतात. सूर्यपक्षीही या फुलांवर येतात. स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर पडण्याची शक्यता या वाकण्याने बरीच कमी होते. तामिळनाडूत दिंडिगुल, करूर या भागांतले शेतकरी कळलावीची शेती करतात. तिथे फळधारणा चांगली व्हावी म्हणून फुलाफुलावर जाऊन हाताने परागीभवन करावे लागते, यावरून फुलपाखराचे काम किती मोलाचे आहे ते कळते. तामिळनाडूने हे फूल आपले राज्यपुष्प मानले आहे आणि आफ्रिकेत झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे. इकडे आमच्याकडे घरात लावली तर भांडणे होतात म्हणून तिला अंगणाच्या आत घेत नाहीत. हा समज मला कधी पटला नाही, पण त्याने एक फायदा झाला: कांदा उकरून परसात आणण्याचा मोह लोकांना झाला नाही आणि वेल तिच्या हक्काच्या जागी, वईवर राहिली.

तिचा खरा संसार जमिनीखाली आहे. पाण्याची पाईप टाकण्यासाठी वईलगत चर खणला, तेव्हा मी तो कंद पहिल्यांदा नीट न्याहाळला. नांगराच्या फाळासारखा कोनात वळलेला, बोटभर जाडीचा, बाहेरून फिकट तपकिरी सालीचा आणि कुठे खरचटले असेल तिथे आत पांढराशुभ्र. दोन्ही बाहू जिथे मिळतात तिथे मुळांचा झुबका होता आणि तिथेच गेल्या वर्षीच्या कंदाचे सुरकुतलेले, पोकळ झालेले कातडे लटकत होते. बाहूच्या टोकाला एक छोटा कोंब होता. कळलावीचा कंद बटाट्यासारखा जागोजागी डोळे असलेला नसतो. प्रत्येक बाहूला टोकाशी तेवढा एकच कोंब असतो आणि ते टोक मोडले तर त्या बाहूतून नवी वेल येण्याची आशा उरत नाही.

दर वर्षी हा कंद स्वतःला पूर्ण खर्च करतो. त्याच्या साठ्यावर कोंब वर येतो, पाने धरतो, फुलतो. आणि तोवर खोडाच्या बुडाशी नवा कंद भरू लागलेला असतो. वर फुले येऊन गेली तरी पानांचे काम संपलेले नसते. आश्विन-कार्तिकात, फुले सरल्यावर, हिरव्या राहिलेल्या पानांतूनच नव्या कंदात साठा उतरतो. मग वेल पिवळी पडते, वाळते आणि डिसेंबरनंतर जमिनीवर तिची खूणही राहत नाही. पुढचे कोरडे महिने, चैत्र-वैशाखाची तलखी आणि वणव्याची धग हा नवा कंद मातीत निपचित पडून काढतो. नव्या बाहूचे टोक जुन्या खोडापासून वीतभर पुढे सरकलेले असल्यामुळे पुढच्या पावसात कोंब थोडा बाजूला उगवतो, आणि दोन्ही बाहू चांगले भरले असतील तर एका वेलीच्या दोन होतात. आमच्या वईवरची कळलावी अशीच सरकत सरकत विहिरीकडच्या कोपऱ्यापर्यंत आली आहे.

कळलावीच्या कुळातल्या वनस्पतींना हंगामाचे असे काटेकोर भान दिसते. यूरोपातल्या ओलसर कुरणांत आणि विरळ झाडीत फुलणारे कोल्चिकम ऑटम्नाले हे कळलावीचे नातलग. ते शरद ऋतूत, पाने नसताना, जमिनीतून नुसते फिकट जांभळे फूल वर काढते. पाने आणि फळ दिसायला पुढचा वसंत यावा लागतो. तिथे त्याला बर्फाची थंडी मध्ये घालवायची असते, इथे कळलावीला उन्हाळा. आपल्या सड्यांवर पावसात उगवणारे चिमुकले भुईचक्रही याच कुळातले. इतके लहान की पायाखाली आले तरी कळू नये. पूर्वी या सगळ्यांना लिलीच्या कुळात घालत असत. आता त्यांचे कुळ वेगळे मानले जाते.

आणि या नात्याची एक सामाईक खूण म्हणजे कोल्चिसीन हे विष. कळलावीच्या सर्व भागांत ते असते, कंदात आणि बियांत सर्वांत जास्त. पेशीचे विभाजन होताना लागणारे सूक्ष्म धागे ते जुळू देत नाही, त्यामुळे शरीरात ज्या पेशी सतत नव्या होत असतात, म्हणजे आतड्याच्या अस्तरातल्या आणि अस्थिमज्जेतल्या, त्यांवर त्याचा पहिला घाव बसतो. तोंडाची आग, उलट्या आणि जुलाब यांनी सुरुवात होते, मग रक्तातल्या पेशी घटतात आणि जो यातून वाचतो त्याचे केस काही दिवसांनी गळतात. कणगी किंवा रताळे समजून हा कंद उकडून खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. आयुर्वेदाने लांगली या नावाने तिची गणना उपविषांत केली आणि शोधन, म्हणजे शुद्धीकरण, केल्याविना ती वापरू नये असे बजावले, ते अनुभवातूनच. बाळंतपण सुटावे म्हणून पूर्वी तिचा कंद वापरत असत हे खरे असले, तरी घरगुती औषध म्हणून तिला हात लावणे आज कोणीही करू नये.

त्याच द्रव्याने माणसाला दिलेही पुष्कळ आहे. १८२० साली पेलेतिए आणि काव्हान्तू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कोल्चिकमपासून वेगळे काढले. वातरक्ताच्या, म्हणजे गाऊटच्या, तीव्र वेदनेवर ते आजही दिले जाते. १९३७ साली असे दिसून आले की त्याच्या योगाने वनस्पतीच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते. बिनबियांचे कलिंगड त्याच वाटेने आले. तामिळनाडूतले शेतकरी कळलावीचे पीक घेतात ते तिच्या बियांसाठीच, कारण त्यांतून औषध कारखान्यांना कोल्चिसीन मिळते.

गोव्यात मात्र तिची आठवण येते ती चवथीला. गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे रानातल्या फळाफुलांचे छत, बांधतात तिला नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरिंजन, करमळ, माट्टीची फळे, कांगण्या, घागऱ्या अशा किती तरी वस्तूंबरोबर कळलावीची फुलेही लागतात. कोकणात कित्येक घरांत गौरी सजवताना याच फुलांचे हात करतात. मला माटोळी मनापासून प्रिय आहे. आपल्या रानात त्या महिन्यात काय फुलते आणि काय फळते, याची इतकी नेमकी जाणीव घराघरातून टिकवून ठेवणारी दुसरी रीत मला ठाऊक नाही. चवथीच्या आदल्या दिवशी मुले वडीलधाऱ्यांबरोबर रानात जातात, झाड दाखवून नाव सांगितले जाते, आणि ते नाव जन्मभर लक्षात राहते.

म्हणूनच बाजारात चवथीच्या सुमारास कळलावीच्या वेली कंदासकट उपटून, जुडी बांधून विकायला आलेल्या पाहिल्या की जिवाला लागते. माटोळीला फूल पुरते. फुलाची दांडी तेवढी खुडली, तर वेलीचे काही बिघडत नाही. उलट फळ धरण्याचा खर्च वाचून कंद अधिक भरतो. पण पुष्कळदा घाईने वेल ओढली जाते, कंद बाहेर येतो किंवा त्याचे टोक मोडते आणि त्या जागी पुढच्या पावसात काहीच उगवत नाही. विकणाऱ्या बायकांना मी दोष देणार नाही, त्यांना दोन पैसे मिळायला हवेत. मागणाऱ्यांनी नुसती फुले मागितली तर त्या नुसती फुले आणतील, आणि पुढच्या चवथीलाही त्यांना ती त्याच जागी मिळतील.

तोडण्याने होते त्याहून मोठे नुकसान वई जाण्याने होते आहे. गोव्याने रान राखण्यासाठी काही केले नाही असे म्हणता येणार नाही. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये १९९९ साली झाली आणि प्रत्येकाचा विस्तार दोनशे चौरस किलोमीटरहून अधिक आहे. परंतु कळलावी ज्या काठावर जगते तो काठ बहुतांशी खासगी मालकीचा आहे, आणि तो कुठल्याही नकाशावर वेगळा दाखवलेला नसतो. जमिनीचे तुकडे विकले गेले की पहिले काम म्हणून वई उपटली जाते आणि तिच्या जागी चिऱ्यांची भिंत उभी राहून वर सिमेंटचा गिलावा चढतो. तणाव्याला धरायला तिथे काही नाही. चिऱ्यांच्या पायासाठी यंत्राने खणलेल्या चरात कंदही जातात. जिथे भिंत नाही तिथे पाऊस ओसरताच रस्त्याची कड यंत्राने साफ केली जाते आणि ती नेमकी कळलावी फुलायच्या किंवा कंद भरायच्या दिवसांत. असे लागोपाठ दोन-तीन हंगाम झाले तर कंद दर वर्षी लहान होत जातो आणि एक दिवस कोंब वर काढण्याइतकाही साठा त्यात राहत नाही.

कळलावी ही जगातून नाहीशी होत चाललेली वनस्पती आहे असे मला सुचवायचे नाही. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत ती पसरलेली आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, जिथे ती बागेतून निसटली, तिथे वाळूच्या टेकड्यांवर ती इतकी माजली आहे की तिला तण म्हणून उपटावे लागते. इतक्या चिवट वेलीला आमच्या गावातून हळूहळू माघार घ्यावी लागते, याचे दुःख मला अधिक आहे, कारण तिला हवे असते ते फार थोडे असते.

आमच्याकडे वई छाटायला येणारे काका आता सवयीने कळलावीभोवतीची झुडपे सोडतात. पहिल्यांदा मी सांगितले तेव्हा ते म्हणाले होते, “ठेवतो वहिनी, पण तिच्या कांद्याला पोरांना हात लावू देऊ नका.” दोन्ही गोष्टी आम्ही पाळतो. छाटणी कार्तिक संपेपर्यंत थांबते; तोवर वेल आपोआप वाळलेली असते आणि ती काढली तरी कंदाला काही होत नाही. मुलांना फूल दाखवतो, कंद विषारी आहे हे सांगतो आणि फूल हाताळले की हात धुवायला लावतो.

ओळखीचे लोक कंद मागतात. त्यांना मी बिया देते. फळ लांबट, तीन कप्प्यांचे असते. ते वाळून उकलले की आत लालभडक बियांच्या रांगा दिसतात. त्या ओल्या हातांनी न हाताळता कागदाच्या पुडीत ठेवाव्यात, पुडीवर विषारी असे लिहावे आणि मृगाआधी करवंदीच्या किंवा निगडीच्या मुळाशी, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत बोटाच्या पेराएवढ्या खोल टाकाव्यात. उगवण सावकाश होते आणि सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात जेमतेम दोन-चार पाने येतात आणि ती लवकरच वाळून जातात. तेव्हा रोप मेले असे समजून जागा खणू नये. कंद दर पावसाळ्यात थोडा थोडा वाढतो आणि तीन-चार वर्षांनी फुलतो, म्हणून त्या जागी एक खुंटी ठोकून ठेवावी, म्हणजे मधल्या उन्हाळ्यांत कोणी तिथे कुदळ घालणार नाही.